पोकर स्पर्धा वेळेत संपत नाही, आणि संपते तेव्हा लॉटरी होते (समस्या निवारण)

तक्रार सगळीकडे एकच असते. पहिले दोन तास मजेत जातात, मग स्पर्धा रेंगाळायला लागते. अकरा वाजले तरी दोन टेबलं भरलेली. आणि त्याच वेळी ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दर डावाला दोघांनी पाळीपाळीने भरायच्या सक्तीच्या चिप्स, एक लहान म्हणजे स्मॉल आणि एक मोठा म्हणजे बिग) एवढे चढलेले असतात की कुणाकडेच खेळायला काही उरलेलं नसतं. दोन पत्ते उचलून बघायचे, ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे) म्हणायचं आणि बाकी सिद्धेश्वरावर सोडायचं. जो जिंकतो त्यालाही आपण नेमकं काय केलं ते सांगता येत नाही.

आयोजक मग हळू खेळणाऱ्यांवर खापर फोडतो, खेळणारे डीलरवर, आणि डीलर चहावाल्यावर. पण रखडणं आणि लॉटरी ही दोन दुखणी दिसायला उलटी असली तरी बहुतेक वेळा एकाच कागदातून येतात : ब्लाइंडच्या तक्त्यातून. यंत्रमागावर कापडातली खोट विणताना दिसते, पण मूळ दोष बीम भरतानाच पडलेला असतो, तसं हे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे खाली त्यावरून वाद नको. जुळे सोलापुरात आम्ही जी स्पर्धा भरवतो तिच्यात पैसा नसतो. प्रवेश फी नाही, चिप्सना किंमत नाही, पहिल्याला एक सोलापुरी चादर आणि फिरती ढाल. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. पैसे लावून होणाऱ्या स्पर्धा बघायच्या तर विजापूर-बेळगाव मार्गे गोवा गाठायचं, वय एकवीस पूर्ण असेल तर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदा आला आणि मोबाइलवर खेळणारी बरीच मंडळी समोरासमोरच्या टेबलांकडे वळली. त्यामुळे ही तक्रार आता जास्त ऐकू येते. मांडवीवरचं कॅसिनोचं जहाज असो की आमचा हॉल, गणित तेच आहे.

स्पर्धा कधी संपणार हे आधीच काढता येतं

एकूण चिप्सला २५ ने भागा. जो आकडा येईल, साधारण त्या बिग ब्लाइंडच्या आसपास स्पर्धा संपते. कारण सोपं आहे. शेवटच्या दोघांकडे मिळून वीस-तीस बिग ब्लाइंड उरले की कुणी फार वेळ थांबू शकत नाही.

आमचं उदाहरण घ्या. नऊ-नऊची तीन टेबलं म्हणजे २७ जण, प्रत्येकी २०,००० चिप्स. बाद झालेल्यांपैकी १२ जण पुन्हा आत आले असं धरू. एकूण ३९ स्टॅक (सुरुवातीला एकाला मिळणारा चिप्सचा ढीग), म्हणजे ७,८०,००० चिप्स. २५ ने भागले तर ३१,२००. म्हणजे बिग ब्लाइंड ३०,००० च्या आसपास पोहोचला की घरी जायचं. आता प्रश्न एवढाच उरतो की २०० पासून ३०,००० पर्यंत किती पायऱ्यांनी चढायचं.

बहुतेक ठिकाणी गडबड होते ती इथे. आयोजक डोक्यात धरतो ‘दर वेळी दुप्पट’. लक्षात ठेवायला सोपं : २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००, १२,८००, २५,६००. आठ पायऱ्या. वीस मिनिटांची लेव्हल (एका पायरीवर खेळायचा वेळ) ठेवली तर पाचवी पायरी एक तास वीस मिनिटांनी लागते. तेव्हा समजा २४ जण उरलेत. सरासरी स्टॅक ३२,५०० आणि बिग ब्लाइंड ३,२००, म्हणजे सरासरी माणसाकडे जेमतेम दहा बिग ब्लाइंड. पुढच्या वीस मिनिटांत ते पाच. संध्याकाळी आठलाच लॉटरी सुरू.

मग पुढच्या महिन्यात लोक ओरडतात, ‘मालक, लई फास्ट झालं.’ आयोजक लेव्हल वीसची चाळीस मिनिटं करतो. आता काय होतं? पायऱ्या त्याच, दुप्पटच. फक्त प्रत्येक पायरीवर बसून राहायचं. दहा बिग ब्लाइंड घेऊन माणूस चाळीस मिनिटं पत्ते टाकत बसतो, चांगले पत्ते यायची वाट बघत. खेळ रखडतो आणि शेवट तरीही लॉटरीनेच होतो. तक्रारी दोन, तक्ता एक.

त्याऐवजी हा बिग ब्लाइंडचा चढ बघा : २००, ३००, ४००, ६००, ८००, १,०००, १,५००, २,०००, ३,०००, ४,०००, ६,०००, ८,०००, १२,०००, १६,०००, २०,०००, ३०,०००. सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरी आधीच्या सव्वा ते दीडपट. वीस मिनिटांच्या सोळा लेव्हल म्हणजे पाच तास वीस मिनिटं. चाळीस मिनिटांच्या आठ लेव्हल म्हणजेही पाच तास वीस मिनिटं. हॉल तेवढाच वेळ अडतो, चिप्स तेवढ्याच, माणसं तीच. पण पहिल्या तक्त्यात वीस बिग ब्लाइंडवाला एका टोल्यात दहावर येतो, दुसऱ्यात तेरा ते सोळावर. त्याला विचार करायला, एखादा डाव सोडायला, कुणाला रेज करून, म्हणजे बोली वाढवून, हुसकावायला जागा उरते.

हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा यंत्रमागवाले एक अण्णा म्हणाले, ‘बे, एवढं गणित कशाला, लेव्हल दहा मिनिटांची करा, दहा वाजता मोकळे.’ हा उपाय सगळ्यांनाच सुचतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. का ते पुढे सांगतो. लवकर संपवायचंच असेल तर लेव्हलला हात न लावता सुरुवातीच्या चिप्स कमी करा. २०,००० ऐवजी १०,००० दिल्या की एकूण चिप्स निम्म्या होतात, स्पर्धा १६,००० च्या आसपास आटोपते, म्हणजे दोन पायऱ्या आधी. चाळीस मिनिटं वाचली आणि शेवटचं टेबल शाबूत राहिलं.

मिनिटं मोजू नका, डाव मोजा

नऊ जणांच्या टेबलावर सरावाचा डीलर असेल तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आपण आपसांत आळीपाळीने पत्ते वाटतो तेव्हा वीसच्या आसपास. म्हणजे वीस मिनिटांच्या लेव्हलमध्ये चांगल्या टेबलावर नऊ डाव होतात, अगदी एक फेरी. ढिल्या टेबलावर सहा-सात.

फेरी पूर्ण होणं महत्त्वाचं आहे, कारण एका फेरीत प्रत्येकावर एकदा बिग ब्लाइंड येतो. दहा मिनिटांची लेव्हल केली की चार-पाच डावच होतात. मग कुणाला वाढलेला ब्लाइंड भरावा लागतो आणि कुणाची ती लेव्हल अंगाला न लागता निघून जाते, हे केवळ बटन (वाटपाची पाळी कुणाची ते दाखवणारी खूण) कुठे होतं यावर ठरतं. तीन टेबलांवर वेग वेगवेगळा असेल तर अन्याय आणखी वाढतो : जलद टेबलावर जास्त जणांना भरावा लागतो, मंद टेबलावर कमी जणांना. त्यामुळे लेव्हल निदान एका फेरीएवढी हवी, आणि तरीही वेळ वाचवायचा तर डावांचा वेग वाढवावा लागतो.

वेगाचा सर्वात मोठा चोर म्हणजे पत्ते पिसणं. एकदा कडेला उभं राहून नुसतं बघा. डाव संपतो, जिंकलेला चिप्स ओढतो, रचत बसतो, पत्ते गोळा होतात, दोन उलटे पडलेले असतात ते सरळ होतात, ज्याची पाळी तो शेंगदाण्याची चटणी लागलेली बोटं पुसतो, मग पिसतो, शेजारी काटतो, मग वाटप. मिनिट-दीड मिनिट यातच गेलं आणि खेळ काहीच झाला नाही.

उपाय स्वस्तातला आहे. प्रत्येक टेबलाला दोन कॅट द्या, एक लाल पाठीचा, एक निळ्या. लाल कॅटचा डाव चालू असताना आधीच्या डावाचा वाटणारा निळा कॅट पिसून ठेवतो. डाव संपला की पिसलेला कॅट पुढच्याच्या हातात तयार. एवढ्या एका बदलाने टेबल जागं होतं. आणि पत्ते प्लॅस्टिकचे घ्या. कागदी कॅट दोन स्पर्धांत कोपरे दुमडून घेतो आणि मग बदामचा एक्का लांबूनच ओळखू येतो.

दुसरा चोर म्हणजे अँटी. दर डावाला नऊ जणांनी शंभर-शंभर टाकायचे, त्यात एक विसरतो, एक सुटे मागतो, एक ‘मी टाकले की’ म्हणून भांडतो. आता मोठ्या स्पर्धांत सर्रास बिग ब्लाइंडच सगळ्यांच्या वतीने अँटी भरतो, एका बिग ब्लाइंडएवढी. प्रत्येकाची पाळी फेरीत एकदा येते, त्यामुळे हिशेब शेवटी बरोबरच बसतो. फक्त एक गोष्ट आधी जाहीर करा : एखाद्याकडे दोन्ही भरायला चिप्स पुरत नसतील तर आधी काय वळतं करायचं, ब्लाइंड की अँटी. काहीही ठरवा, पण खेळ सुरू व्हायच्या आधी.

तिसरा चोर म्हणजे तंद्री लावून बसणारा. प्रत्येक गटात एक असतो. साधा पत्ता टाकायलाही तो दूरवर नजर लावून अर्धा मिनिट घेतो. त्याच्याशी वाद घालू नका, घड्याळ लावा. पोकर स्पर्धा चालवणाऱ्यांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संघटना २००१ साली उभी राहिली. तिचे नियम जगभरातले कॅसिनो वापरतात. त्यात मागणी झाल्यावर खेळाडूला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, मग समोर कुणाची बोली असेल तर हात मेलेला धरला जातो. आम्ही मोबाइलच्या टायमरवर हेच करतो. दोनदा टायमर वाजला की तिसऱ्यांदा लावावा लागत नाही.

उशिरा येणारे आणि परत येणारे

बहुतेकांना वाटतं, पुन्हा-पुन्हा प्रवेश दिल्याने चिप्स वाढतात म्हणून स्पर्धा लांबते. हिशेब करून बघा. परत कुणी आलं नसतं तर २७ स्टॅक म्हणजे ५,४०,००० चिप्स, २५ ने भागून २१,६००. बारा जण परत आल्यावर ३१,२००. तक्त्यात फरक केवळ एका पायरीचा, २०,००० ते ३०,०००. वीस मिनिटं.

खरा वेळ दुसरीकडे जातो. नोंदणी उघडी असेपर्यंत टेबलं मोडता, म्हणजे उरलेल्यांना दुसरीकडे बसवून बंद करता, येत नाहीत. दोन माणसं बाद झाली की दोन आत येतात, तीनही टेबलं अर्धवट भरलेली चालत राहतात, आणि शेवटच्या टेबलापर्यंत जाणारी वाटच सुरू होत नाही. त्यात चांगले खेळणारे मुद्दाम उशिरा येतात, कारण उशिरा आलं तरी चिप्स तेवढ्याच मिळतात.

आम्ही नोंदणी पाचव्या लेव्हलनंतरच्या सुट्टीत बंद करतो. सहाव्या लेव्हलला बिग ब्लाइंड १,०००, म्हणजे सर्वात उशिरा आलेल्यालाही वीस बिग ब्लाइंड मिळतात. खेळायला पुरेसे. पुन्हा प्रवेश एकदाच. परत येणाऱ्याला चार ५,००० च्या चिप्स द्यायच्या, सुट्या मागायच्या नाहीत, टेबलावर सुटं भरपूर असतं.

कॅसिनोत ही नोंदणी खूप पुढपर्यंत ताणतात. गोव्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) नवीन माणूस टेबलावर बसला तेव्हा त्याच्या स्टॅकमध्ये दहाही बिग ब्लाइंड नव्हते. त्याने दोन डाव टाकले, तिसऱ्याला ऑल-इन गेला, बाद झाला, उठून पुन्हा काउंटरच्या रांगेत उभा राहिला. काउंटर एकच. रांगेत वीस माणसं आणि आत टेबलावर चार खुर्च्या रिकाम्या.

पण हे ते वेडेपणाने करत नाहीत. प्रत्येक प्रवेशामागे कॅसिनोचा वाटा असतो आणि बक्षिसाची हमी दिलेली असते. हमीएवढी फी जमली नाही तर फरक खिशातून भरावा लागतो. म्हणून दार उघडं ठेवायचा मोह. त्यांना ‘नोंदणी लवकर बंद करा’ एवढंच सांगून भागणार नाही. पटेल असं सांगायचं तर असं : नोंदणी चालू असतानाच्या लेव्हल लहान ठेवा आणि ती बंद झाल्यावर मोठ्या करा. दार तेवढ्याच लेव्हलपर्यंत उघडं राहतं, पण घड्याळात तासभर वाचतो आणि तो शेवटच्या टेबलाला मिळतो. सध्या बऱ्याच ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं : सुरुवातीला ऐसपैस आणि रात्री उरकाउरकी. दुसरं, ओळखपत्र आणि पॅन नोंदणीच्या वेळीच घ्या. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर ३० टक्के कर लागतो. त्याचे कागद पहाटे तीनला, बाद होऊन वैतागलेल्या माणसाकडून भरून घेण्यात काय हशील?

आपल्याकडे उशिराचं कारण वेगळं. साडेसहा सांगितलं की सोलापुरात माणूस साडेसहाला घरून निघतो, तोही वाटेत कुणाला तरी भेटून. यावर एकच औषध चाललं : घड्याळ साडेसहालाच सुरू करायचं, सहा माणसं असली तरी. नाव दिलेल्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्याचा स्टॅक मांडायचा आणि पाळी आली की त्यातून ब्लाइंड कापायचे. आपल्या चिप्स आपल्या माघारी वितळताना एकदा पाहिल्या की माणूस पुढच्या वेळी सव्वासहाला हजर होतो.

किरकोळ वाटणारी, पण वेळ खाणारी

चिप्सचे सुटे. २०,००० चा स्टॅक आम्ही असा देतो : १०० च्या दहा, ५०० च्या आठ, १,००० च्या दहा, ५,००० ची एक. ५००/१,००० च्या (स्मॉल/बिग ब्लाइंड) लेव्हलपासून शंभराची चिप लागतच नाही, म्हणून पाचव्या लेव्हलनंतरच्या सुट्टीत ती गोळा करायची. २,०००/४,००० पासून पाचशेचीही लागत नाही, ती नवव्यानंतरच्या सुट्टीत. दोन सुट्ट्या याच जागी ठेवल्या की खेळ थांबवावा लागत नाही. उरलेल्या मोडीसाठी मोठ्या स्पर्धांत पत्ते वाटून चढाओढ लावतात : प्रत्येक सुट्या चिपमागे एक पत्ता, मोठ्या पत्त्याला पूर्ण चिप, सारखे पत्ते आले तर इस्पिक वरचढ. कुणालाही एकाहून जास्त चिप मिळत नाही आणि त्यात कुणी बादही होत नाही. आपल्या छोट्या स्पर्धेत सरळ वरच्या आकड्याला पूर्ण करून द्यावं. कुणाचं काही बिघडत नाही.

टेबलं सारखी करणं. एका टेबलावर नऊ आणि दुसऱ्यावर सहा झाले की लगेच माणूस हलवा. कुणाला हलवायचं यावर आमच्याकडे फार भांडणं व्हायची, ‘मलाच का?’ म्हणून. नियम ठरलेला आहे : पुढच्या डावात ज्याच्यावर बिग ब्लाइंड येणार तो उठतो, आणि नव्या टेबलावर बिग ब्लाइंडच्या जवळात जवळच्या रिकाम्या जागी बसतो. स्मॉल ब्लाइंडच्या जागी मात्र कधीच नाही. कोणतं टेबल आधी मोडणार, हेही सुरुवातीलाच फळ्यावर लिहा.

बक्षिसाच्या तोंडाशी चालणारी चालढकल. बक्षिसाला एकच माणूस जास्त असतो तेव्हा कमी चिप्सवाले मुद्दाम वेळ काढतात, दुसऱ्या टेबलावरचा कुणीतरी आधी जाईल म्हणून. त्या वेळी सगळ्या टेबलांवर एकेकच डाव खेळवायचा. ज्याचा आधी संपेल त्याने थांबायचं. एकाच डावात वेगवेगळ्या टेबलांवर दोघे बाद झाले तर ती जागा दोघांत विभागायची. एकाच टेबलावर झाले तर डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वर.

आणि आज रात्रीच फसलं असेल तर

सगळं वाचून झालं, पण आत्ता अकरा वाजलेत, दोन टेबलं चालू आहेत आणि हॉलवाला साडेबाराला कुलूप लावणार आहे. अशा वेळी चालू लेव्हलच्या मध्ये काहीही बदलू नका. लेव्हल संपली की थांबवा आणि सगळ्यांसमोर सांगा : उरलेली सुट्टी रद्द, पुढच्या लेव्हल पंधरा मिनिटांच्या. मधली पायरी गाळायची असेल तर १६,००० नंतरची २०,००० ची गाळा, तिथली उडी दुपटीच्या आतच राहते. खालच्या पायऱ्यांना हात लावू नका.

तरीही संपत नसेल तर कुलपाच्या वेळेआधी पंधरा मिनिटं घड्याळ बंद करा. तीन ते सात आकड्यांचे पाच पत्ते उलटे मांडा आणि कुणालाही एक उचलायला सांगा. जो आकडा येईल तेवढेच डाव अजून होणार, प्रत्येक टेबलावर. मोठ्या स्पर्धांत दिवसाचा खेळ आवरताना असंच करतात, कारण डाव मोजून दिले की वेळ काढण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. शेवटच्या डावानंतर चिप्स मोजा आणि क्रम लावा. मोजताना प्रत्येकाने शेजाऱ्याचा स्टॅक मोजायचा, स्वतःचा नाही.